घंटा, वेदी आणि बाके : मध्ययुगीन इंग्रजी ग्रामचर्च व त्याची कुलाब्यातील प्रतिकृती

चाकणहून राजगुरुनगरमार्गे भीमाशंकरला जाणाऱ्या भाविकांनी मंदिराच्या आवारातील दोन दगडी खांबांमध्ये टांगलेली मोठी घंटा पाहिलेली असते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर तेथील पोर्तुगीज चर्चमधील घंटा महाराष्ट्रातील निरनिराळ्या देवस्थानांना अर्पण करण्यात आल्या. भीमाशंकरची घंटा ही त्यांपैकीच एक. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातील आणि वाईजवळच्या मेणवलीच्या घंटाही त्याच विजयाच्या खुणा मानल्या जातात. वास्तू जिथल्या तिथे राहते. तिच्यातील वस्तू मात्र जिंकल्या जातात, दान दिल्या जातात, मोडल्या जातात आणि कधी कधी लपवूनही ठेवल्या जातात. म्हणूनच एखाद्या प्रार्थनास्थळाचा इतिहास समजून घ्यायचा, तर त्याच्या भिंती आणि शिखराइतकेच त्यातील साहित्यही पाहावे लागते.

मध्ययुगीन इंग्लंडमधील ग्रामचर्च हे याचे उत्तम उदाहरण होय. हे चर्च म्हणजे राजाने बांधलेले भव्य कॅथीड्रल नव्हे. ते खेड्याचे, खेड्याने सांभाळलेले चर्च होते. त्याच्या रचनेचे अनुकरण १९व्या शतकात जगभर झाले. महाराष्ट्रात त्याचा सर्वांत स्पष्ट नमुना मुंबईत कुलाब्याला, 'अफगाण चर्च' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत पाहावयास मिळतो.

धर्मग्रामाची व्यवस्था

इंग्लंडमध्ये १२व्या शतकापर्यंत देशाची विभागणी 'पॅरिश'मध्ये बऱ्याच अंशी पूर्ण झाली होती. वसईकडील मराठी ख्रिस्ती समाज यासाठी 'धर्मग्राम' हा नेमका शब्द वापरतो. एका धर्मग्रामात एक चर्च, एक धर्मगुरू आणि ठरावीक सीमेतील सर्व रहिवासी. अशी सुमारे आठ-नऊ हजार धर्मग्रामे मध्ययुगीन इंग्लंडमध्ये होती. प्रत्येक कुटुंबाने आपल्या धान्याचा, लोकरीचा, जनावरांच्या पिलांचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा, असा दंडक होता. या दशांशावर धर्मगुरूचा निर्वाह चाले.

जन्मानंतरचा बाप्तिस्मा, विवाह आणि दफन हे तिन्ही विधी त्याच चर्चमध्ये होत. गावाच्या हद्दीत राहणारा कोणीही या व्यवस्थेच्या बाहेर नसे. त्यामुळे ग्रामचर्च हे केवळ उपासनेचे ठिकाण नव्हते. गावाची सभा, हिशेब, सणासुदीचे खेळ आणि मद्यविक्रीतून निधी जमवण्याचे मेळावेही चर्चच्या आवारात किंवा मुख्य दालनात होत. आपल्याकडे देवळाचा सभामंडप ज्याप्रमाणे कीर्तनाबरोबरच गावकीच्या बैठकीलाही उपयोगी पडे, तसाच काहीसा हा प्रकार होता.

एका छपराखाली दोन वास्तू

ग्रामचर्चचा आराखडा वरवर पाहता साधा असतो. पूर्व-पश्चिम लांबी, पश्चिमेस बहुधा मनोरा, दक्षिण बाजूस प्रवेशाचा देवडीवजा मांडव आणि पूर्वेच्या टोकाला वेदी. परंतु या एका वास्तूत प्रत्यक्षात दोन वास्तू असतात. पश्चिमेकडील मोठा भाग म्हणजे 'नेव्ह'. जहाज या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले असून येथे सामान्य गावकरी उभे राहत. पूर्वेकडील लहान भाग म्हणजे 'चॅन्सल'. येथे वेदी असे आणि विधीच्या वेळी धर्मगुरू व त्यांचे सहायक यांनाच तेथे स्थान असे. दोहोंच्या मध्ये मोठी कमान व लाकडी जाळीचा पडदा.

सभामंडप, अंतराळ आणि गाभारा ही विभागणी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. नेव्हच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगांपलीकडे अरुंद उपदालने असतात. ही रचनाही महाराष्ट्राला अपरिचित नाही. लोणावळ्याजवळील कार्ल्याच्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चैत्यगृहात मधले उंच दालन, दोन्ही बाजूंना स्तंभांच्या रांगा, त्यांच्यामागे अरुंद मार्गिका आणि टोकाला अर्धवर्तुळाकार भाग अशीच मांडणी आहे. १९व्या शतकातील वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी कार्ल्याची तुलना आरंभीच्या ख्रिस्ती चर्चशी केली होती. आकारमानाच्या दृष्टीने त्यांना इंग्लंडमधील नॉरिच कॅथीड्रलच्या गायनदालनाची आठवण झाली. अर्थात एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे नव्हे. समुदायाने एकत्र जमावे आणि सर्वांची दृष्टी एकाच पवित्र बिंदूवर स्थिरावी, या समान गरजेतून निघालेले ते समान उत्तर आहे.

नेव्ह आणि चॅन्सल यांतील भेद केवळ धार्मिक नव्हता, तो आर्थिकही होता. १३व्या शतकापासून असा संकेत रूढ झाला की, चॅन्सलची डागडुजी दशांश घेणाऱ्या 'रेक्टर'ने करावी आणि नेव्हची गावकऱ्यांनी. त्यामुळे अनेक जुन्या चर्चमध्ये आजही विसंगती दिसते. लोकरीच्या व्यापाराने श्रीमंत झालेल्या गावकऱ्यांनी नेव्ह उंच, प्रकाशमान आणि नव्या धर्तीचे करून घेतले. चॅन्सल मात्र जुने, बुटके व अंधारे राहिले. पुढे दशांशाचे हक्क व त्यांच्याशी जोडलेल्या जमिनी खासगी हातांत गेल्या, तरी दुरुस्तीचे दायित्व त्या जमिनींना चिकटून राहिले. २००३ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने वॉरिकशरमधील अ‍ॅस्टन कँटलो येथील चर्चच्या खटल्यात एका शेतमालक दाम्पत्याला चॅन्सलच्या दुरुस्तीचा खर्च देण्यास जबाबदार ठरवले. मध्ययुगीन व्यवस्थेची मुळे किती खोल गेली आहेत, याचा हा एकविसाव्या शतकातील पुरावा होय. देवस्थान इनाम जमिनींचे दावे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे फारसे आश्चर्य वाटू नये.

चार शैली

या चर्चचा काळ ओळखण्याचे सोपे साधन म्हणजे खिडक्या व कमानी. इंग्लिश गॉथिक शैलीच्या टप्प्यांना आज वापरात असलेली नावे टॉमस रिकमन यांनी १८१७ साली रूढ केली. ११व्या व १२व्या शतकांतील नॉर्मन शैलीत अर्धवर्तुळाकार कमानी व जाडजूड खांब असतात. त्यानंतर सुमारे १२७५ पर्यंतच्या 'अर्ली इंग्लिश' शैलीत भाल्याच्या पात्यासारख्या उंच, अरुंद, टोकदार खिडक्या दिसतात. १४व्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या 'डेकोरेटेड' शैलीत खिडक्यांच्या वरच्या भागात दगडी नक्षीची वेलबुट्टी येते. शेवटच्या 'पर्पेंडिक्युलर' शैलीत उभ्या रेषांचे प्राबल्य असून खिडक्या जवळजवळ भिंतीएवढ्या मोठ्या होतात. बहुतेक ग्रामचर्च एका शैलीत बांधलेले नसते. तीन-चारशे वर्षांत जसा पैसा मिळाला, तसतसे ते वाढत गेलेले असते.

प्रवेशद्वारापासून वेदीपर्यंत

चर्चमधील प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते आणि त्या जागेला अर्थ असतो. दारातून आत शिरताच प्रथम दिसते ते बाप्तिस्म्याचे दगडी कुंड. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती जीवनात प्रवेश. म्हणून कुंड प्रवेशद्वाराजवळ. बहुतेक ग्रामचर्चमधील सर्वांत जुनी वस्तू हीच असते. वास्तू पुन्हा पुन्हा बांधली गेली तरी गावाने कुंड बदलले नाही, कारण पिढ्यानपिढ्यांचा संस्कार त्याच दगडात झालेला असे. मंत्रवलेले पाणी जादूटोण्यासाठी चोरले जाई, म्हणून कुंडाला झाकण व कुलूप असावे, असा आदेश १३व्या शतकात निघाला. अनेक जुन्या कुंडांच्या काठावर त्या कुलपाच्या कड्या बसवल्याच्या खुणा आजही दिसतात.

नेव्हमध्ये आरंभी बाके नव्हती. लोक उभे राहत किंवा गुडघे टेकत. वृद्ध व आजारी यांच्यासाठी भिंतीलगत दगडी कट्टा असे. लाकडी बाकांचा प्रसार मुख्यतः १५व्या शतकात झाला. या बाकांच्या टोकांवर स्थानिक सुतारांनी संत, प्राणी, नांगर, गलबते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे दिसणारे चेहरे कोरले.

नेव्हच्या पूर्व टोकाला 'रूड स्क्रीन' हा कोरीव लाकडी पडदा असे. त्याच्या खालच्या फळ्यांवर संतांची चित्रे रंगवलेली आणि वरच्या भागातील जाळीतून वेदी दिसे. पडद्याच्या वर क्रुसावरील ख्रिस्त आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मरिया व योहान यांच्या मूर्ती. नॉर्फोक परगण्यातील रॅनवर्थ येथील पडदा हा वाचलेल्या पडद्यांपैकी सर्वांत सुंदर मानला जातो. पडद्यावरच्या कमानीवर अंतिम न्यायाचे चित्र रंगवलेले असे : एका बाजूस स्वर्गात जाणारे, दुसऱ्या बाजूस नरकाच्या जबड्यात ढकलले जाणारे. त्यात राजे आणि बिशपही सुटत नसत. अक्षरओळख नसलेल्या गावकऱ्यांपुढे दर रविवारी हा ग्रंथ उघडा असे.

चॅन्सलमध्ये पूर्वेच्या भिंतीलगत दगडी वेदी. तिच्या दक्षिणेस भिंतीत कोरलेले लहानसे पन्हाळ. प्रभुभोजनाची पात्रे धुतलेले पाणी त्यातून थेट जमिनीत सोडले जाई, जेणेकरून ते कोणाच्या पायाखाली येऊ नये. त्याच्याच बाजूला धर्मगुरू व सहायकांसाठी भिंतीतील तीन आसने. समोरच्या भिंतीत पात्रे ठेवण्याचे कुलूपबंद कपाट. काही ठिकाणी कमानीच्या बाजूला भिंतीतून तिरपे भोक ठेवलेले दिसते. उपदालनात उभ्या असलेल्यांना मुख्य वेदीवरील विधी दिसावा, हा त्याचा हेतू.

मनोऱ्यातील घंटा उपासनेची वेळ सांगत, मृत्यूची वार्ता देत आणि आगीची वर्दीही देत. तिचा नाद जिथवर पोहोचे, तिथवर गावाला आपले अस्तित्व जाणवे.

कोणी दिले, कोणी राखले

१४व्या शतकाच्या आरंभी कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट विन्चेल्सी यांच्या नावाने निघालेल्या नियमावलीत गावकऱ्यांनी चर्चला काय काय पुरवायचे, याची यादी आहे : उपासनेची पुस्तके, चषक, धर्मगुरूची वस्त्रे, वेदीची आच्छादने, मिरवणुकीचा क्रूस, धूपपात्र, कंदील, कुलुपासह बाप्तिस्माकुंड, मूर्ती, घंटा आणि त्यांचे दोर. एवढे सामान जमवणे लहान खेड्याला सोपे नव्हते.

हे काम कसे चाले, याचे दुर्मीळ चित्र डेव्हन परगण्यातील मोरबाथ या खेड्याच्या हिशेबवह्यांत मिळते. जेमतेम तीसेक घरांच्या या गावात क्रिस्टोफर ट्रिची हे १५२० ते १५७४ अशी ५४ वर्षे धर्मगुरू होते आणि या काळातील बराचसा जमाखर्च त्यांनी नोंदवून ठेवला. गावात प्रत्येक संताच्या नावाने निधी असे आणि त्या निधीची मेंढरे गावकरी आळीपाळीने आपल्या कळपात सांभाळत. लोकर विकून त्या संताच्या मूर्तीपुढचा दिवा जळे. गावातील अविवाहित तरुण-तरुणींचे स्वतंत्र निधी होते. आपल्या जत्रेतील मानकऱ्यांप्रमाणे येथेही प्रत्येकाच्या वाट्याला कर्तव्य आणि मान दोन्ही येत. मृतांच्या उपासनेसाठी काळ्या वस्त्रांचा संच असावा, या इच्छेने या गावाने सुमारे २० वर्षे पै-पै जमवली. १५४७ साली ती वस्त्रे आली आणि लवकरच मृतांसाठीची ती उपासनाच राजाज्ञेने बंद झाली.

पांढऱ्या चुन्याखाली

आठव्या हेन्रीने १५३४ साली पोपशी नाते तोडले, तरी ग्रामचर्चच्या अंतर्भागाला खरा तडाखा बसला तो त्याचा पुत्र सहावा एडवर्ड याच्या कारकिर्दीत. १५४७-४८ मध्ये मूर्ती काढून टाकण्याचे आदेश निघाले. भित्तिचित्रांवर चुना फासण्यात आला. १५५० मध्ये दगडी वेद्या फोडून त्यांच्या जागी लाकडी मेजे ठेवण्यात आली. काही शतकांत जमलेले साहित्य पाच-सहा वर्षांत गेले. १५४९ साली नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध पश्चिम इंग्लंडमध्ये बंड झाले, तेव्हा मोरबाथनेही पाच तरुणांना साहित्यानिशी बंडवाल्यांच्या छावणीत धाडले. ते बंड चिरडले गेले. १५५३ मध्ये मेरी राणी गादीवर येताच लोकांनी घराघरांत लपवलेल्या वस्तू परत आणून दिल्या. काही वर्षांनी एलिझाबेथच्या राजवटीत त्या पुन्हा निघाल्या. १५६१ च्या आदेशाने पडद्यावरचे सज्जे उतरवले गेले, पण खालचा पडदा ठेवण्यास मुभा मिळाली. म्हणूनच काही पडदे आज दिसतात. १६४३-४४ मध्ये विल्यम डाउझिंग या अधिकाऱ्याने केंब्रिजशर व सफोकमधील चर्च पालथी घालून रंगीत काचा फोडल्या आणि आपल्या कामगिरीची रोजनिशीही ठेवली.

जे झाकले गेले, त्यातील काही योगायोगाने परत दिसले. सफोकमधील वेनहॅस्टन येथे १८९२ साली दुरुस्तीच्या वेळी चुन्याने माखलेल्या जुन्या फळ्या काढून आवारात टाकल्या होत्या. रात्री पाऊस पडला, चुना धुऊन गेला आणि सकाळी फळ्यांवर अंतिम न्यायाचे संपूर्ण चित्र उमटलेले आढळले. ते आता त्याच चर्चमध्ये आहे.

पुणे, खडकी आणि नवी लाट

इंग्रज महाराष्ट्रात आले, ते या मध्ययुगीन चर्चला बऱ्याच अंशी विसरून. १७व्या-१८व्या शतकांतील इंग्रजी चर्च म्हणजे प्रवचन ऐकण्याचे प्रशस्त दालन होते. मुंबईचे सेंट टॉमस चर्च १७१८ साली उपासनेसाठी खुले झाले, ते याच काळातले. पुण्याच्या लष्कर भागातील सेंट मेरीज चर्चचे १८२५ साली बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते पवित्रीकरण झाले. खडकीतील ऑल सेंट्स चर्च १८४१ चे. पिंपरी-चिंचवडच्या उंबरठ्यावरची ही वास्तू दारूगोळा कारखान्याच्याही आधीची आहे. ही चर्च छावणीच्या गरजेतून उभी राहिली : पलटण रांगेत आत यावी, प्रवचन ऐकावे आणि रांगेत बाहेर जावे. १८५७ साली मेरठचा उठाव रविवारी, सायंप्रार्थनेच्या सुमारास झाला. त्यानंतर सैनिक शस्त्रांसह चर्चला येऊ लागले आणि अनेक छावण्यांतील चर्चच्या बाकांना बंदुका टेकवण्यासाठी खाचा करण्यात आल्या. वस्तू समाजाचे मन कसे सांगतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

दरम्यान इंग्लंडमध्ये वारे बदलले होते. १८३९ साली जॉन मेसन नील व बेंजामिन वेब या केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी 'केंब्रिज कॅम्डन सोसायटी' स्थापन केली. १८४१ पासून 'द इक्लेझिऑलॉजिस्ट' हे तिचे नियतकालिक निघू लागले. या मंडळींचा आग्रह असा की, खरे चर्च म्हणजे मध्ययुगीन ग्रामचर्च : स्वतंत्र, खोल चॅन्सल, पडदा, पूर्वेला उंचावर वेदी, दाराजवळ कुंड आणि श्रीमंतांच्या दारबंद पेटीवजा बाकांऐवजी सर्वांसाठी खुली बाके. उष्ण प्रदेशात हे कसे साधावे, यावर वेब यांनी १८४५ मध्ये निबंध लिहिला. जाड भिंती, लहान खिडक्या आणि गुहेसारखा थंड, अंधारा अंतर्भाग असा त्यांचा सल्ला होता. लेण्यांच्या प्रदेशाला तो नवा नव्हता.

कुलाब्याचे अफगाण चर्च

या विचाराला मुंबईत मूर्त रूप मिळाले ते कुलाब्याच्या सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्चमध्ये. सिंध व पहिल्या अफगाण युद्धातील मृतांचे स्मारक म्हणून ते बांधण्यात आले. 'अफगाण चर्च' हे नाव त्यावरूनच पडले. समुद्रावरून येणाऱ्या जहाजांना खूण म्हणून दिसेल असे उंच शिखर असावे, या अटीवर सरकारने जागा दिली. १८४७ च्या डिसेंबरात गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते कोनशिला बसली. आराखडा हेन्री कॉनीबेअर यांचा. विहार तलावातून मुंबईला पाणी आणण्याची योजना आखणारे अभियंते ते हेच. जानेवारी १८५८ मध्ये बिशप जॉन हार्डिंग यांनी चर्चचे पवित्रीकरण केले. शिखर मात्र १८६५ साली पूर्ण झाले. त्याच्या खर्चाला पारशी दानशूर कावसजी जहांगीर यांनीही हातभार लावला. मनोरा व शिखर मिळून उंची १९८ फूट आहे.

वास्तूची शैली 'अर्ली इंग्लिश'. पिवळसर बेसॉल्ट व चुनखडीचा दगड स्थानिक, पण आकार १३व्या शतकातील इंग्रजी खेड्याचा : टोकदार कमानी, भाल्याच्या पात्यासारख्या खिडक्या, उंच नेव्ह, दोन उपदालने आणि स्पष्टपणे वेगळे काढलेले चॅन्सल. अंतर्गत साहित्यासाठी विल्यम बटरफील्ड यांची निवड झाली. लंडनच्या मार्गारेट स्ट्रीटवरील ऑल सेंट्स चर्चमुळे ख्यातकीर्त झालेले हे वास्तुविशारद कॅम्डन मंडळींच्या खास विश्वासातले होते. वेदीमागील शोभापट, चॅन्सलपुढील पडदा आणि बाके यांवर त्यांच्या संकल्पनेची छाप आहे. इंग्लंडहून आणलेल्या फरशांची भौमितिक नक्षीही त्यांचीच. पूर्व व पश्चिम बाजूंच्या मोठ्या खिडक्यांतील रंगीत काचा न्यूकॅसलचे काचचित्रकार विल्यम वेल्स यांच्या. मनोऱ्यातील आठ घंटा १९०४ साली इंग्लंडच्या टेलर ओतशाळेतून आल्या. पुण्याच्या पंचहौद चर्चच्या मनोऱ्यातही असाच आठ घंटांचा संच आहे.

कुलाब्याच्या चर्चनंतर गॉथिक शैली मुंबईत रुजली आणि विद्यापीठ, उच्च न्यायालय, व्हिक्टोरिया टर्मिनस अशा निधर्मी वास्तूंपर्यंत पोहोचली. जुन्या सेंट टॉमसचे चॅन्सलही १८६० च्या दशकात 'अर्ली इंग्लिश' वळणाने नव्याने बांधण्यात आले.

भिंतीवरची नावे

तथापि रूप सारखे असले, तरी कुलाब्याचे चर्च आणि मोरबाथसारखे ग्रामचर्च यांत मूलभूत फरक आहे. खेड्यातील चर्चमध्ये वस्तू खालून आल्या : मेंढराच्या लोकरीतून, विधवेच्या अंगठीतून, तरुणांच्या वर्गणीतून. कुलाब्यात त्या वरून आल्या. गावाशिवाय ग्रामचर्च उभारण्याचा तो प्रयोग होता.

हा फरक सर्वांत ठळकपणे दिसतो तो स्मारकाच्या मजकुरात. मृत अधिकाऱ्यांची नावे चॅन्सलच्या भिंतींवर, म्हणजे वास्तूच्या सर्वांत पवित्र भागात लिहिली आहेत. कनिष्ठ अधिकारी व साधे शिपाई मात्र संख्येने फार असल्याने त्यांची नावे नोंदवता आली नाहीत, असे तो लेखच सांगतो. १८३५ ते १८४३ या काळातील त्या मोहिमांत मुंबई लष्कराच्या देशी पलटणीही होत्या. १८४० साली बलुची डोंगरांतील काहान हे ठाणे महिनोन्‌महिने लढवणारी ५वी मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्री ही त्यांपैकीच एक. 'काळी पाचवी' या नावाने प्रसिद्ध असलेल्या या पलटणीची परंपरा आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत चालू आहे. कोकणातील व देशावरील घराघरांतून गेलेल्या अशा शिपायांना या भिंतींवर नाव मिळाले नाही.

मध्ययुगीन ग्रामचर्चमध्येही सरदाराची समाधी चॅन्सलमध्ये आणि शेतकऱ्याचे दफन बाहेर, बिनखुणेच्या मातीत होत असे. परंतु तेथे गावातील मृत दात्यांची नावे वर्षातून एकदा सर्वांसमोर मोठ्याने वाचली जात आणि त्यांच्यासाठी प्रार्थना होई. चार पैसे दिलेली विधवाही त्या यादीत असे. १९व्या शतकाने पडदा, कुंड, वेदी, काचा सारे परत आणले. ती यादी मात्र परत आली नाही.

आजची स्थिती

१९७० साली विविध प्रोटेस्टंट पंथांच्या एकीकरणातून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले आणि कुलाब्याचे चर्च त्याच्या कक्षेत आले. छावणी गेली, इंग्रज पलटणी गेल्या. खारी हवा, मुसळधार पाऊस आणि गळकी छपरे यांचा मारा दगडापेक्षा लाकूड, शिसे आणि काच यांवर अधिक होतो. वास्तूची नोंद वारसा यादीत होते, पण आतील बाके, फरशा, पडदे, घंटांचे दोर यांची तपशीलवार सूची फारशी होत नाही. नाहीसे होते ते प्रथम हेच साहित्य.

दुसरीकडे चर्चच्या रचनेचा विचारही स्थिर राहिलेला नाही. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चमध्ये वेदी भिंतीपासून पुढे आली आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उपासना चालवू लागले. कारखान्यांबरोबर वाढलेल्या नव्या शहरांत केरळ, तमिळनाडू, गोवा, वसई अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबे एकत्र येऊन आपले धर्मग्राम नव्याने घडवतात. तेथे मध्ययुगीन पडदा नसतो. वर्गणी मात्र असते, बाक कोणी दिले याची पाटी असते आणि सणाच्या आदल्या दिवशी फरशी पुसणारे हात असतात. मोरबाथच्या गावकऱ्यांना कुलाब्याच्या शिखरापेक्षा कदाचित हीच गोष्ट अधिक ओळखीची वाटली असती.